सेंदाईत अडलेली नदी

आयुष्यात मी एकदाच नोकरी केली. तीसुद्धा वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, जपानात, सेंदाईच्या एका विद्यापीठात. काम काय, तर हूं म्हणायचं. पगार नव्हता, पण गळ्यात अडकवायला फोटोचं ओळखपत्र दिलं होतं आणि त्यावर जपानीत काहीतरी लांबलचक लिहिलेलं होतं. जावयांना वाचायला सांगितलं. जावई जपानी आहेत, मराठी बोलतात, पण काचेची भांडी मांडल्यासारखं, एकेक शब्द जपून. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आई, इथे लिहिलं आहे, ऐकण्याच्या कामातील तज्ज्ञ." सातवी पास बाईला आणखी काय हवं, सांगा.

आता हे झालं कसं ते सांगते.

माझा मुलगा टोकियोत, फुनाबोरीला असतो, कॉम्प्युटरवाला. लेक सेंदाईला. मी शिंकानसेनने, म्हणजे त्यांच्या बुलेट ट्रेनने, कधी इकडे, कधी तिकडे, पिशवीत गोडा मसाला घेऊन. लेक भाषांची अभ्यासक. जपानी नाही, संस्कृत नाही, तर पार जगाच्या पलीकडे अमेझॉनच्या जंगलात एका नदीकाठी राहणाऱ्या लहानशा आदिवासी लोकांची भाषा. लहानसे म्हणजे किती? पुण्यातल्या एखाद्या मंगल कार्यालयात दोन पंगतींत सगळे जेवून उठतील, एवढे. त्यांचं नाव मी इथे घेत नाही. एक तर ते माझ्या तोंडात बसत नाही, आणि दुसरं म्हणजे कुणी उगाच आपलं नाव घेतलेलं त्यांना आवडत नाही.

लेक तिकडे जाऊन यायची ती अंगावर डासांचे फोड आणि पेटीत रेकॉर्डिंग घेऊन. त्या रेकॉर्डिंगमध्ये गोष्टी कमी आणि कोंबडे जास्त. शिवाय जनरेटर, शिवाय फुटबॉल खेळणारी पोरं. म्हणून तिने ठरवलं की तिथल्या सगळ्यात जाणत्या बाईंनाच सेंदाईला आणायचं आणि विद्यापीठातल्या आवाजबंद खोलीत बसवून निवांत बोलतं करायचं. बाई आल्या त्या त्यांच्या भाचीला घेऊन. भाची तिकडच्या शाळेत शिकवते, हसरी, आणि आल्या दिवसापासून शंभर येनच्या दुकानाच्या प्रेमात.

बाई माझ्याच वयाच्या. घरात शिरल्या ते नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"आई, त्यांच्यात 'या, बसा' नसतं," लेक म्हणाली. "आली म्हणजे आली. आणि जातानाही 'येते' म्हणत नाहीत. उठतात आणि जातात."

"मग आपल्या निरोपांना किती वेळ लागतो ते यांना सांगू नकोस," मी म्हटलं. "दारात उभं राहून जेवढं बोलतो, तेवढ्यात यांची नदी पोहून होईल."

त्यांची झोप झोळीतली. जमिनीवर अंथरलेली फुतोन, म्हणजे जपानी गादी, बघून बाईंनी विचारलं, आजारी कोण आहे? मग त्यांनी स्वतःची झोळी काढली आणि बाल्कनीत कपडे वाळत घालायचे दांडे असतात त्यांना बांधली. झोपल्यासुद्धा. दुसऱ्या दिवशी इमारतीत घरोघरी फिरणारं सूचनापत्र आलं. जावयांनी वाचून दाखवलं, "कृपया दांड्यांवर फक्त धुतलेल्या वस्तू टांगाव्यात." जावई खाली जाऊन घरमालकिणीपुढे वाकून आले. तिचं म्हणणं असं की वस्तू धुतलेली असेल तर तिची हरकत नाही. मग आम्ही बाईंची आंघोळ झाल्यावरच त्यांना झोळीत जाऊ द्यायला लागलो. नियम म्हणजे नियम.

माझी संकष्टी आली. मी साबुदाण्याची खिचडी केली. बाईंनी चिमूटभर उचलली, हुंगली, भाचीला काही बोलल्या आणि दोघी पोट धरून हसायला लागल्या. लेक म्हणाली, "आई, साबुदाणा ज्या कंदाचा होतो ना, तो त्यांच्याकडचाच. रोजची भाकरी आहे ती त्यांची. त्या विचारतात, तुम्ही त्याचे मणी का केलेत?"

"सांग, आज उपास आहे."

उपास हा शब्द त्यांच्या भाषेत न्यायला लेकीला फार वेळ लागला. देवासाठी उपाशी राहायचा दिवस, असं काहीतरी तिने सांगितलं असणार. बाईंनी माझ्या ताटाकडे बघितलं.

"मग खाता का?"

"उपास आहे म्हणून," मी म्हटलं.

बाईंनी आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे एकेकदा बघितलं आणि विचारलं, "तुमचा देव साधा आहे का?"

भाचीने मग सांगितलं की त्यांच्याकडे हाच कंद उकडून, बायका चावून चावून मडक्यात थुंकतात, आणि ते आंबलं की सगळं गाव पितं. मी दोन्ही कानांना हात लावले. उष्टं! सगळ्या गावाचं! तेवढ्यात जावई हळूच म्हणाले, "आई, पूर्वी जपानमध्येही देवासाठी तांदूळ असेच चावून दारू करत होते." आता जावईमाणूस, बोलणार काय? मी "हो का" म्हटलं. पण तेव्हापासून इथल्या देवळात वाटीतून काही प्यायला देतात ते मी घेत नाही. हात जोडते आणि पुढे सरकते.

असो. बाई आल्या होत्या त्या एका गोष्टीसाठी. नदीची गोष्ट. त्यांची नदी उगमापासून मुखापर्यंत कशी गेली, तिला कुठे कुठे वळण पडलं आणि प्रत्येक वळणावर कोणाचं काय झालं, अशी ती भलीमोठी गोष्ट. बाईंना ती त्यांच्या आजीकडून आली. पण तिला एक कायदा आहे. मिळालेली गोष्ट म्हातारपणी एकदा पुरी, उगमापासून मुखापर्यंत, हुंकार देणाऱ्या बाईसमोर सांगायची. मगच ती मुलांना सांगता येते. कच्ची गोष्ट ऐकली तर मुलांच्या पोटात दुखतं म्हणतात. आणि हुंकार देणारी कोणीही चालत नाही. ती आजी झालेली हवी आणि ती आपल्या घरातली नको, ज्या घरांत आपण मुली देतो त्या घरातली हवी. थोडक्यात, विहीण. बाईंची विहीण मध्येच, नदी अर्ध्यावर असताना वारली. त्या वयाची दुसरी कोणी गावात राहिली नाही. जवान पोरी आहेत त्या मोबाइल बघतात. म्हणजे या बाई गेल्या की नदी गेली.

"पण आपल्याकडे मशीन आहे ना," असं आमच्या लेकीने त्यांना सांगितलेलं. शिकलेल्या माणसाचा मशीनवर फार विश्वास.

पहिल्या दिवशी आवाजबंद खोलीत बाईंनी मायक्रोफोनकडे नीट बघून घेतलं आणि विचारलं, "हिला नातवंडं आहेत का?"

तरी एक वाक्य बोलल्या आणि थांबल्या. सगळे श्वास रोखून गप्प, रेकॉर्डिंग खराब होऊ नये म्हणून. बाईही गप्प. असा अर्धा दिवस गेला. रेकॉर्डिंग म्हणे अप्रतिम स्वच्छ आलं, नुसती शांतता. मग लेक स्वतः समोर बसली. बाई म्हणाल्या, "तू अजून पोर आहेस, तुझा हुंकार पातळ आहे." मग लेकीचे मोठे साहेब बसले. त्यांना सगळे सेन्सेई म्हणतात, म्हणजे गुरुजी. त्यांना नातवंडं आहेत. पण जपानी माणसाला ऐकताना गप्प बसवत नाही. समोरच्याने तोंड उघडलं की यांचं "हाय, हाय, सो देस् का, हाय" सुरू. बाईंचं वाक्य अर्ध्यात असताना सेन्सेईंचे चार हुंकार पडून गेलेले. बाईंनी भाचीला विचारलं, "याला लघवीला जायचंय का?"

लेक घरी आली ती रडकुंडीला येऊन. बाईही काळवंडलेल्या. त्या संध्याकाळी जेवणं सुरू होती. मी नातीला भात कालवून देत होते. नात माझ्याशी जपानीत बोलते, मी तिच्याशी मराठीत, आमचं छान चालतं. बाईंनी भाताकडे बघत आपल्याशीच काहीतरी म्हटलं आणि थांबल्या.

मी आपली सवयीने म्हटलं, "हूं."

आता यात काय विशेष? आमच्या लहानपणी श्रावणातल्या शुक्रवारी आई कहाणी सांगायची आणि आळीतल्या बायका हूं म्हणायच्या. कोणी हूं म्हणालं नाही तर आई तिथेच थांबायची, भिंतीला का सांगू म्हणायची. ती सवय अंगात भिनलेली. बस थांबली तरी मी हूं म्हणते.

बाईंनी मान वर केली. पुढचं वाक्य बोलल्या. मी म्हटलं, "हूं." आणखी एक. "हूं." लेकीच्या हातातल्या चॉपस्टिक्स खाली पडल्या. आमटी निवली, नात जेवून उठली, जावई भांडी घासायला गेले, आणि मी आपली हूं हूं करत बसलेली. शेवटी बाई थांबल्या, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि भाचीकडे वळून एक शब्द बोलल्या.

"आई," लेक म्हणाली, "त्यांनी तुला विहीण म्हटलं."

झालं. दुसऱ्या दिवशी मी नोकरीवर.

आवाजबंद खोली म्हणजे गादीच्या आत बसल्यासारखं. माझ्या पाटल्या वाजतात म्हणून त्यांवर रुमाल गुंडाळले. स्वेटर सळसळतो म्हणून काढला, थंडी वाजते म्हणून शाल दिली. गुडघा कटकन वाजला तर सेन्सेई पलीकडच्या खोलीतून, कानाला यंत्र लावून, काचेतून वाकून माफी मागायचे, जणू गुडघा त्यांचाच. पोह्यांनी पोट बोलतं असं कळल्यावर सकाळचे पोहे बंद झाले.

विहीणबाई बोलायच्या, थांबायच्या, मी हूं म्हणायची. कळत एक अक्षर नव्हतं. पण हूं काय नुसतं कळून म्हणतात? आवाज कुठे खाली येतो, हात कुठे वळतो, त्यावर असतं ते. "पुढे काय झालं"चा हूं वेगळा, "अगं बाई"चा वेगळा, "मला वाटलंच होतं"चा वेगळा. मनातल्या मनात मी माझी गोष्ट जुळवत होते. मला वाटत होतं की कोणाची तरी म्हैस हरवली आहे आणि एक म्हातारी तिला शोधत नदीकाठाने निघाली आहे. संध्याकाळी लेकीने सांगितलं, म्हैस नाही, तिकडच्या ठिपक्यांच्या वाघाची सासू. हरवलेलीही नाही, रुसून निघालेली. म्हटलं, मग माझे हूं बरोबरच पडले. सासू रुसली काय, म्हैस हरवली काय, शोधणाऱ्याचे पाय तितकेच दुखतात.

असे दिवस छान चालले होते. विहीणबाईंचा चेहरा खुलला होता. स्टेशनजवळच्या दुकानात काळे मणी घातलेला गार चहा मिळतो, तेसुद्धा त्याच कंदाचे मणी, तो रोज पिऊन घरी यायच्या आणि मणी तोंडात घोळवत म्हणायच्या, "सगळ्या जगाला उपास आहे."

आणि मग मी घोटाळा केला.

नदी बरीच खाली आली होती. त्या दिवशी विहीणबाई एका वळणाशी येऊन थांबल्या. आवाज अगदी खाली गेला होता. हात मांडीत ठेवले, डोळे मिटले. किती तरी वेळ गेला. मी हूं म्हटलं, तरी काही नाही. आता सांगा, आवाज खाली, हात मांडीत, डोळे मिटलेले. साठ-पासष्ट वर्षं जे ऐकलं तेच माझ्या तोंडून बाहेर पडलं. मी हात जोडले आणि म्हटलं, "सुफळ संपूर्ण!"

विहीणबाईंनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. उठल्या, दार ढकललं आणि निघून गेल्या. आता त्यांच्यात जाताना सांगत नाहीत हे मला माहीत होतं, म्हणून मी शाल घडी करत बसले. तेवढ्यात भाची आणि लेक आत धावल्या.

"आई, तू काय म्हणालीस?"

"गोष्ट संपली ना."

"संपली नव्हती! त्या वळणावर त्यांच्या आजीचं गाव बुडालं होतं. तिथे थांबायचंच असतं!"

भाचीने डोक्याला हात लावला होता. त्यांच्यात गोष्ट सांगणारी संपवत नाही, हुंकार देणारी संपवते. हूं सोडून तिने दुसरं काही म्हटलं की गोष्ट बंद. भाषा कोणती का असेना. बंद झालेल्या गोष्टीत पुढचं वाक्य घालता येत नाही. म्हणजे सेंदाईच्या विद्यापीठात, तिसऱ्या मजल्यावर, मी अमेझॉनची एक नदी अडवली होती.

"आई, तुला फक्त हूं म्हणायचं होतं," लेक म्हणाली. "एक अक्षर. एक!"

घरी आलो तर विहीणबाई बाल्कनीत, झोळीत, भिंतीकडे तोंड करून. जेवायला उठेनात. काळ्या मण्यांचा चहा आणला, बघेनात. आता रुसलेली विहीण मला नवीन नाही. आमच्या घरच्या लग्नांत मी काढलेले रुसवे मोजायचे नाहीत. त्यात मुलाकडची एक विहीण पापड भाजका दिला म्हणून मांडवाबाहेर जाऊन बसली होती, तिला तळलेला देऊन आणलं होतं. पण ते पापडाचं होतं. इथे बाईंची आख्खी नदी आणि पुढे ती ऐकायची सगळी पोरं. मी झोळीशेजारी स्टूल घेऊन बसले. काय बोलणार? मला त्यांची भाषा येत नाही, त्यांना माझी नाही. हूं म्हणायचीही मला भीती वाटायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी सेन्सेई आले. मोठ्या दुकानाच्या कागदात बांधलेला मिठाईचा डबा दोन्ही हातांनी पुढे धरून, बाल्कनीच्या दारात पार जमिनीपर्यंत वाकले. मग त्यांनी एक उपाय सुचवला. शास्त्रज्ञ माणूस, मनापासून सुचवला. रेकॉर्डिंगमधून माझे शब्द यंत्राने कापून टाकता येतील, म्हणाले, इतके सफाईने की कोणाला कळणारही नाही. लेकीने ते भाषांतर करून सांगितलं.

झोळी हलायला लागली. आम्हाला वाटलं बाई रडतायत. त्या हसत होत्या.

"तो म्हणतो, तोंडातून गेलेला शब्द तो पेटीतून परत काढेल!" असं भाचीला सांगून पुन्हा हसल्या. सेन्सेईही हसले, कशाला ते न कळता, आणि आणखी एकदा वाकले. विहीणबाई उठून बसल्या, डबा उघडला, दोन वड्या खाल्ल्या आणि मग बोलायला लागल्या. लेक ऐकत गेली आणि माझ्याकडे बघत गेली.

"आई, एक वाट आहे म्हणतात. जिने पाणी अडवलं तिनेच सोडायचं. तू तुझं पाणी सांगायचंस, उगमापासून मुखापर्यंत. त्या हुंकार देणार. तुझं पाणी समुद्राला पोचलं तर त्यांचं पुन्हा वाहील."

"माझं कुठलं पाणी?"

"तुझ्या गावचं."

आता माझी पंचाईत बघा. मी पुण्याच्या उपनगरातली. माझ्या गावाला नदी आहे, पण तिच्याशी माझा संबंध पुलावरून जाताना नाक दाबण्याइतका. माझं पाणी म्हणजे नळाचं.

"मग नळाचं सांग," लेक म्हणाली.

पुन्हा आवाजबंद खोली. या वेळी विहीणबाई माझ्या खुर्चीत आणि मी त्यांच्या. काचेपलीकडे सेन्सेई, भाची, लेक, सगळे कानाला यंत्रं लावून. मी पदर सावरला आणि सुरुवात केली.

"डोंगरावर पाऊस पडला."

"ए-हे," विहीणबाई म्हणाल्या. काय तो हुंकार! पोटातून आलेला. मला एकदम पुढचं सुचलं.

"पाऊस धरणात साठला." ए-हे. "धरणातून कालव्यात, कालव्यातून टाकीत आला." ए-हे. "टाकीवर एक माणूस चावी फिरवायचा. तो कधी फिरवेल ते त्यालाच ठाऊक." ए-हे. "म्हणून आम्ही पहाटेच उठून नळाशी बसायचो. नळ आधी खोकायचा." इथे मी नळासारखी खोकून दाखवली. ए-हे! "मग करंगळीएवढी धार यायची. त्याखाली आधी पिण्याचा हंडा, मग बादल्या, मग पिंप."

आणि मग आलं शेजारणीचं वळण. आमची शेजारीण, नाव घेत नाही, चांगली बाई, पण पाण्याच्या वेळेला तिच्यात काहीतरी शिरायचं. माझा रबरी पाइप नळाला लावलेला असायचा, पलीकडचं टोक पिंपात. मी आत दूध बघायला गेले की ही ते टोक हळूच उचलून भिंतीवरून आपल्या पिंपात सोडायची. मी बाहेर यायची तर माझं पिंप रिकामं आणि भिंतीपलीकडे धो धो आवाज. मग मी ओढायची, ती ओढायची. मी ते हातवारे करून दाखवलं. खुर्ची मागे सरकली, पाटल्या वाजल्या, रुमाल सुटले, सेन्सेई काही म्हणाले नाहीत. विहीणबाईंचा हुंकार चढत गेला. "पाइप फाटला" म्हटल्यावर त्यांनी मांडीवर थाप मारली. एक अक्षर न कळता त्या बाईला कळलं होतं की चूक कोणाची होती. आमच्या कॉलनीत हे कोणाला कधी कळलं नाही.

मग पाणी घरात आलं. भात शिजला, भांडी घासली, उरलेलं कढीपत्त्याला घातलं, मोरीतून गटारात गेलं, गटारातून नाल्यात.

"नाल्यात गेलं," मी म्हटलं आणि अडले.

"ए-हे," विहीणबाई म्हणाल्या, आणि वाट बघत राहिल्या.

नाल्यात गेल्यावर पुढे काय होतं? जन्मभर भांडी घासली, पण मोरीत ओतलेलं कुठे जातं याचा विचार कधी केलेला नाही. काचेपलीकडे लेकीचा चेहरा पांढरा. तिला बोलता येत नव्हतं, मध्ये तिसरं कोणी बोललं तरी गोष्ट बंद. विहीणबाई पुढे झुकून बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट. माझं पाणी नाल्यात तुंबलं तर त्यांचं त्यांच्या आजीच्या बुडलेल्या गावाशी तुंबणार होतं.

मग मी शाळेतल्या मुलीसारखे डोळे मिटले आणि सातवीचा भूगोल आठवला. भिंतीवरचा नकाशा, वर्गातल्या बाईंची छडी. "नाल्यातून मुळा-मुठेला!" मी जवळजवळ ओरडलेच. ए-हे! "मुळा-मुठेतून भीमेला!" ए-हे! "भीमा गेली कृष्णेला!" ए-हे! "आणि कृष्णा गेली, पार कर्नाटक ओलांडून, आंध्र ओलांडून, बंगालच्या उपसागराला!" माझ्या भांड्यांचं पाणी, खरकट्यासकट, समुद्राला पोचलं. मला इतका अभिमान कधी कशाचा वाटला नव्हता.

मी थांबले. हात मांडीत ठेवले. विहीणबाईंनी मला पुरेसं थांबू दिलं. मला नव्हतं जमलं, त्यांना जमलं. मग त्यांनी माझ्यासारखेच हात जोडले आणि म्हणाल्या, "सुपा सपूना."

त्यानंतर आम्ही जागा बदलल्या आणि नदी वाहिली. जेवणाची सुट्टीसुद्धा घेतली नाही. बुडलेल्या गावावरून ती पुढे गेली, वळणांवरून वळणं घेत गेली आणि एका ठिकाणी विहीणबाईंनी दोन्ही हात पसरले. तो समुद्र असणार. मग त्या गप्प झाल्या. हात मांडीत, डोळे मिटलेले.

मीही गप्प. एकदा तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकतं. हे शेवटचं थांबणं की मधलं? काचेपलीकडे बघितलं तर सेन्सेई मान हलवत होते, पण ते सगळ्यालाच हलवतात. मी बसून राहिले. आणखी बसून राहिले. शेवटी विहीणबाईंनी डोळे न उघडता, पायाच्या अंगठ्याने माझ्या पोटरीला ढोसलं.

"सुफळ संपूर्ण," मी म्हटलं.

त्या गेल्या तेव्हा विमानतळावर अर्थातच काही बोलल्या नाहीत. उठल्या आणि गेल्या. भाची मात्र शंभर येनच्या दुकानातल्या पिशव्या सांभाळत, आमचं बघून शिकलेली, दारात उभी राहून इतका वेळ निरोप घेत होती की तिचं नाव पुकारलं.

पावसाळा उलटल्यावर भाचीने मोबाइलवर चित्रफीत पाठवली. विहीणबाई अंगणात बसल्यात, भोवती गावातली सगळी पोरं, मागे कोंबडे. पोटात कोणाच्या दुखत नव्हतं. वाक्य झालं की पोरं एका सुरात ए-हे म्हणत होती. आणि शेवटी सगळ्यांनी हात जोडून, गळा काढून, "सुपा सपूना!"

लेकीने डोकं धरलं. जी भाषा शुद्ध जशीच्या तशी जपायची म्हणून तिने इतकी वर्षं डास सोसले, त्या भाषेत तिच्या आईने मराठी घुसवली होती. आता तिला आपल्या निबंधात तळटीप द्यावी लागणार आणि कोणी विश्वास ठेवणार नाही. "आई, मी काय लिहू?" म्हणाली. मी म्हटलं, "खरं ते लिही. सेन्सेई सही करतील."

पण ते काहीच नाही. चित्रफीत बघताना मध्येच ती एकदम थांबली. "आई, हे वळण आधी नव्हतं." पुन्हा लावून ऐकलं. नदी खाली उतरताना, आजीच्या बुडलेल्या गावानंतर, आता एक बाई राहते म्हणे. ती पहाटे उठते आणि दुसऱ्यांचं पाणी भिंतीवरून ओढून नेते. नदीला तिथे वळण पडलं ते तिच्या ओढण्यानेच. विहीणबाई दोन्ही हातांनी पाइप ओढून दाखवत होत्या, हुबेहूब मी ओढला होता तसा, आणि बारकी पोरं घाबरून मोठ्यांच्या मांडीत शिरत होती.

आमची शेजारीण अजून आहे. आता मुलाकडे असते, बाराव्या मजल्यावर, चोवीस तास पाणी. तिला फोन करावा असं फार मनात येतं, की बाई, तू आता अमेझॉनमध्ये आहेस. अजून केलेला नाही. कारण मला माहीत आहे ती काय म्हणेल. ती म्हणेल, पाइप माझाच होता.